देवीची हिरवी रेघ

कृतिकाच्या गळ्यातली ठुशी काढली, तर खाली मान स्वच्छ निघाली.

इतकी स्वच्छ, की राजाबाईंनी आधी चष्मा पदरानं पुसला, मग नव्या नातसुनेला खिडकीकडे तोंड करून बसवलं, मग स्वतःचा अंगठा ओला करून तिच्या मानेवरून गोल फिरवला. अंगठ्याला घाम लागला, थोडी पावडर लागली. हिरवं काही लागलं नाही.

"इंदू, दिवा लाव," त्या म्हणाल्या.

"आईसाहेब, भर दुपार आहे."

"मग ट्यूबलाइट लाव."

इंदूनं ट्यूबलाइट लावली. मान जशी होती तशीच राहिली, फक्त जास्त उजेडात.

बाहेरच्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय आहे ते कळलं नसतं. सुनेची मान स्वच्छ आहे म्हटल्यावर चार घरांत आनंदच झाला असता. पण या घरची तऱ्हा निराळी. इथं नवी सून लग्नानंतर दरबारी ठुशी घालून अनवाणी देवासच्या टेकडीवर चढते, वर दोन्ही देव्यांची ओटी भरते आणि पायऱ्यांनीच खाली येते. रोपवेत बसायचं नाही. रोपवे पाहुण्यांसाठी आणि गुडघ्यांसाठी. घरी आल्यावर सगळ्यात थोरली बाई ठुशी काढते आणि गळ्याभोवती हिरवी रेघ उमटलीय का ते बघते. रेघ उमटली, म्हणजे देवीनं सुनेला पदरात घेतलं. गडद उमटली, तर विशेष मर्जी. कुळाचे टाक, म्हणजे देवघरातले ते चांदीचे छोटे देव, विशेष मर्जीवाल्या सुनेच्या घरी राहतात. आणि हे सगळं सुनेला आधी सांगायचं नाही, कारण सांगितलं तर देवीवर दबाव आणल्यासारखं होतं.

सोन्याच्या दागिन्यानं मान हिरवी का व्हावी, हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. ठुशी सोन्याची होती, कारण ती दरबारातून मिळाली होती. आणि दरबारातून मिळाली होती, कारण राजाबाईंचे सासरे तुकोजीराव तसं सांगायचे. ती सोनाराला दाखवायची नाही, असा घराण्याचा एक दंडक होता. तोही तुकोजीरावांनीच घालून दिला होता.

"नाही उमटली," भवानीबाई म्हणाल्या.

भवानीबाई म्हणजे इंदूची थोरली जाऊ. धारच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. आत्ताचं वाक्य त्या दुःखानंच म्हणाल्या, यात शंका नाही. पण दुःखाच्या मानानं त्या खुर्चीत जरा लवकरच ताठ होऊन बसल्या. त्यांचं लग्न माघात झालं होतं आणि त्यांची रेघ फिकट उमटली होती. इंदू वैशाखात आली आणि तिच्या गळ्याभोवती अशी गच्च हिरवी रेघ उठली, की राजाबाईंनी तिथल्या तिथे टाक धाकटीच्या स्वाधीन केले. थोरलं घर धारला, देव धाकट्याकडे देवासला. तेव्हापासून भवानीबाई दर नवरात्रात धारहून यायच्या, घटापुढं बसायच्या आणि माळ जरा वाकडी लागलीय असं म्हणायच्या.

"म्हणजे आता..." सोफ्यावरून जयसिंगरावांनी सुरुवात केली. हे इंदूचे थोरले दीर. सकाळी रोपवेनं वर गेले, रोपवेनं खाली आले आणि तेव्हापासून पाय चेपून घेण्याच्या बेतात होते. "म्हणजे आता टाकांचं बघायला लागेल."

"काय बघायचंय?" इंदूनं विचारलं.

"अगं, मी कुठं काही म्हणतोय? दंडक आहे. सुनेची रेघ नाही उमटली, तर देवी त्या घरात राहत नाही. मी थोडाच केलाय दंडक?"

"कसली रेघ?" यशराज म्हणाला. हा नवरदेव. आईच्या आणि बायकोच्या मध्ये उभा राहून तो एकदा इकडे बघत होता, एकदा तिकडे. "अरे, क्या चल रहा है? मोठे काका, कृतिकाच्या स्किनला काही नाही झालं, हे तर बढिया आहे ना?"

"तुला नाही कळायचं."

"तर मग समजवून सांगा ना, भिया!"

"काकांना भिया नाही म्हणायचं," इंदू सवयीनं म्हणाली. तिचं लक्ष भवानीबाईंच्या पिशवीकडे होतं. भवानीबाईंनी पिशवीतून एक नवंकोरं लाल वस्त्र काढलं होतं, जरीच्या काठाचं, टाक गुंडाळता येतील एवढंच. धारहून निघतानाच त्यांनी ते सोबत घेतलं होतं, म्हणजे उमेद घेऊनच त्या आल्या होत्या.

विक्रमसिंह, इंदूचे यजमान, आत्तापर्यंत दारात उभे होते. घरात वाद सुरू झाला की त्यांना पाण्याची मोटार बंद करायची आठवण व्हायची. तशी ती झाली आणि ते गेले.

राजाबाईंनी ठुशी मुठीत घेतली. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी सावकाश डबी उघडली, बोटावर मिश्री घेतली, दातांना लावली, आणि दात घासून झाल्यावर म्हणाल्या, "दिवेलागणीला ठरवू. तोवर टाकांना कुणी हात लावायचा नाही. भवानी, ते फडकं पिशवीत ठेव."

"फडकं नाही, आईसाहेब, पैठणहून मागवलेलं..."

"पिशवीत ठेव."

*

इंदू देवघराच्या दाराशी उभी राहिली. आत जायची तिला हिंमत झाली नाही.

तिला लोक बँकेतली कडक बाई म्हणायचे. कर्जाच्या अर्जावर सही घेताना ती समोरच्याच्या डोळ्यांत बघायची. पण रोज सकाळी ती या देवघरात बसून टाकांशी भांडायची. यशराज तापानं फणफणला होता तेव्हा तिनं देवीला एकेरीत सुनावलं होतं. बढती हुकली तेव्हा आठवडाभर फूल वाहिलं नव्हतं, नुसतं पाणी. विक्रमसिंहांशी बोलण्यासारखं फारसं काही उरत नसे, तेव्हा सगळं इथं बोलून व्हायचं. हे टाक धारला गेले तर सकाळी उठून आपण बोलायचं कुणाशी? तिला राग आला. सुनेवर नाही, देवीवर. एवढं केलं तुझं, आणि एक रेघ काढता येईना तुला?

कृतिका आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. तिनं मान वर केली.

"आई, माझं काय चुकलं? मी तर वर चढताना पाणीसुद्धा नाही प्यायले. सगळे असे का बघून राहिलेत?"

इंदूनं दार लावलं आणि तिला रेघेचं सगळं सांगितलं. दंडक मोडला तर मोडला. कृतिका ऐकत गेली, तसतसा तिचा चेहरा उतरत गेला.

"हिरवी रेघ," ती म्हणाली. "मग ती नाही येणार, आई."

"का नाही येणार?"

"रिसेप्शनच्या त्या नकली सेटनं माझी मान काळी पडली होती ना? तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, मान कोरडी ठेव, पावडर लाव, आणि दागिन्याला आतल्या बाजूनं बिनरंगाची नेलपॉलिश मार. म्हणजे धातू कातडीला लागत नाही."

"म्हणाले होते. पण ते नकली दागिन्यांना."

"मी सगळ्यांनाच लावली." कृतिकाचा आवाज बारीक झाला. "बांगड्या, अंगठी, कानातले. आणि काल आजीसाहेबांनी ठुशी दिली, तिलाही. दोन हात. एक वाळल्यावर दुसरा."

इंदू पलंगावर बसली. म्हणजे देवीचा काही संबंध नव्हता. हे आपणच, आपल्या हातानं, आपल्या कौतुकाच्या उपदेशानं केलं होतं. तिला एकदम हसू येऊ लागलं आणि ते तिनं मोठ्या कष्टानं गिळलं.

"ठुशी सोन्याची आहे, कृतिका," ती म्हणाली.

"हो, आई," कृतिका फरशीकडे बघत म्हणाली.

ते "हो, आई" इतकं सभ्य होतं, की इंदूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पोरगी पिथमपूरला औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात होती. दिवसभर गोळ्यांमध्ये काय आहे आणि काय नाही, हे बघायचं तिचं काम.

"तुला कळलं होतं?"

"गोंड्याच्या कडीपाशी हिरवं दिसलं ना. मला वाटलं, घरात सगळ्यांना माहीत असेल, फक्त बोलायचं नसेल. नवीनच आलेय, कशाला बोला? चुपचाप लावून टाकली." मग ती उठली आणि तिनं कपाटातून एक छोटी बाटली काढली. "हे बघा, रिमूव्हर आहे. आजीसाहेबांकडून ठुशी मागून घेते, आत्ता पुसते. ठुशी घालून गच्चीवर पळते, घाम येईल, संध्याकाळपर्यंत मस्त रेघ येईल. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"आणि?"

"आणि काही नाही. थोडं खाजेल."

तिनं ओढणी सारखी केली, तेव्हा इंदूला गळ्याच्या खालचा भाग दिसला. रिसेप्शनच्या सेटचं पदक जिथं टेकलं होतं तिथं लालभडक पुरळ उठलं होतं, दोन ठिकाणी फुटून पाणी येत होतं. कृतिकानं पटकन ओढणी वर घेतली.

इंदूचा हात आपोआप स्वतःच्या मानेवर गेला. तिची विशेष मर्जीची गडद रेघ. ती रेघ पुढं महिनाभर चिघळली होती. बँकेत नवी नवी होती, आणि काउंटरवर बसून पदराआडून मान खाजवायची. रात्री तिला तूप चोपडत राजाबाई म्हणायच्या, देवीची फार माया ग तुझ्यावर. आणि ती त्या मायेनं सुखावायची. भवानीबाईंना एवढी माया मिळाली नाही, हे आठवून तर जास्तच.

बाटली कृतिकाच्या हातात होती आणि कापूसही. एवढंच करायचं होतं. टाक राहिले असते, भवानीबाईंचं वस्त्र पिशवीतच धारला परत गेलं असतं.

इंदूनं बाटली काढून घेतली आणि झाकण घट्ट लावलं.

"नाही," ती म्हणाली. "तुझ्या गळ्यात ती पुन्हा घालायची नाही."

"मग टाक, आई?"

"जाऊ देत," इंदू म्हणाली आणि तिला रडू आलं. "गेले तर जाऊ देत. तू मलम लाव आधी."

*

स्वयंपाकघरात भवानीबाईंनी ताबा घेतला होता. संध्याकाळच्या पुऱ्यांचं पीठ मळून त्या वाट बघत होत्या. पुऱ्यांची नाही, इंदूची.

"वाईट वाटून घेऊ नकोस," त्यांनी सुरुवात केली. "देवी सगळ्यांची असते. धारला काय, देवासला काय."

"मग देवासलाच राहू दे."

"तसं नाही ग. माझं काय झालं, माघाची थंडी. टेकडीवर असा वारा, दात वाजत होते. अशात देवी तरी काय करणार? मी वैशाखात चढले असते ना, तर तुझ्याहून गडद उमटली असती."

त्या सहज बोलल्या. पण हे वाक्य त्यांनी मनात किती वेळा म्हटलं असेल, ते इंदूला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. सगळं आयुष्य त्या एका थंडीच्या दिवसाला बोल लावत आल्या होत्या.

आणि मग भवानीबाईंच्या डोक्यात कल्पना चमकली. त्या लाटणं घेऊनच हॉलमध्ये गेल्या.

"आईसाहेब! ती ठुशी माझ्या गळ्यात घाला. आज वैशाख आहे. उमटते का नाही बघूच!"

"एकदा उमटली की उमटली," जयसिंगराव म्हणाले. "पुन्हा पुन्हा थोडीच परीक्षा असते?"

"तुम्ही झोपा."

राजाबाईंनी मूठ उघडली. "घाल, इंदू," त्या म्हणाल्या.

इथं इंदूनं खरं सांगायला हवं होतं. तोंड तिनं उघडलंही. पण भवानीबाईंनी तिच्याकडे पाठ करून मान पुढं केली आणि म्हणाल्या, "घट्ट बांध, सैल नको. तुझी सैल असून उमटली होती, असं ऐकलंय." मग इंदूनं तोंड मिटलं आणि गोंडा असा आवळला, की भवानीबाईंना एकदा खोकला आला.

त्यानंतर भवानीबाईंनी जे केलं त्याला तोड नव्हती. त्यांनी स्वयंपाकघरातला पंखा बंद केला. खिडकी लावून घेतली. कढईपुढं उभं राहून घरच्यांना पुरून उरतील एवढ्या पुऱ्या तळल्या आणि वर शेजाऱ्यांसाठी तळल्या. मग गच्चीवर वाळत घातलेले पापड त्यांनी थोडे थोडे करून खाली आणले, एका खेपेत येणारे असूनसुद्धा. यशराज जिन्यात बसून त्यांना चेव आणत होता.

"मोठ्या आई, और एक चक्कर! पसीना आ रहा है!"

"आहे ना?" भवानीबाई धापा टाकत विचारायच्या. "मानेवर आहे ना?"

"पूरी नर्मदाजी बह रही है!"

विक्रमसिंह मोटार बंद करून आले, वहिनीला पापडांसकट जिना चढता-उतरताना बघितलं आणि मोटार पुन्हा चालू करायला गेले. जयसिंगरावांनी बायकोच्या घामाकडे बघत हळूच राजवीरला, म्हणजे धारच्या लेकाला, फोन करून देवघराचं माप घ्यायला सांगितलं. इंदूनं ते ऐकलं. तिच्या मनात दया आली होती तेवढी सगळी गेली.

दया परत यायला फार वेळ लागला नाही.

*

दिवेलागण झाली. टेकडीवरचे दिवे लागले आणि आरतीच्या घंटेचा आवाज खालपर्यंत आला. भवानीबाई राजाबाईंपुढं पाटावर बसल्या. अंग घामानं निथळत होतं, चेहरा लाल झाला होता, आणि त्या लग्नातल्यासारख्या दिसत होत्या, उत्सुक आणि भेदरलेल्या.

राजाबाईंनी गोंडा सोडला. ठुशी निघाली. मान स्वच्छ.

"नीट बघा," भवानीबाई म्हणाल्या.

"बघितलं."

"फिकट असेल. माझी फिकटच असते. ट्यूबलाइट..."

"लावलेलीच आहे, भवानी."

भवानीबाईंनी स्वतःच मानेवरून हात फिरवला आणि तळवा डोळ्यांपुढं धरला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "निदान फिकट तरी होती," त्या म्हणाल्या. "तेव्हा निदान फिकट तरी दिली होती तिनं मला. तीही परत घेतली." आणि विज्ञानाच्या निवृत्त बाई पाटावर बसून लहान मुलीसारख्या रडू लागल्या. जयसिंगराव दिवसभरात पहिल्यांदा सोफ्यावरून स्वतःहून उठले, बायकोजवळ येऊन उभे राहिले आणि काय करावं ते न सुचून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

इंदूला ते बघवेना.

"अक्कासाहेब, रडू नका," ती म्हणाली. "देवीचं काही नाही यात. ठुशीला आतून नेलपॉलिश लावलंय. मला दुपारीच कळलं होतं आणि तरी मी तुमच्या गळ्यात बांधली."

"मी लावलंय," कृतिका दारातून म्हणाली. "आईंनी नाही."

"दरबारच्या सोन्याला नेलपॉलिश?" जयसिंगराव ओरडले. "सोन्याला?"

"मोठे काका," यशराज म्हणाला, "सोनं असतं तर हिरवं होतंच कशाला?"

जे वाक्य या घरात कधीच उच्चारलं गेलं नव्हतं, ते असं, पुऱ्यांच्या वासात, एका पोराच्या तोंडून पडून गेलं. जयसिंगरावांनी राजाबाईंकडे बघितलं. आता आईसाहेब याच्या कानाखाली वाजवणार, अशी त्यांची खात्री होती.

राजाबाईंनी ठुशी उलटी केली, एका मण्यावर नख घासलं. पातळ पारदर्शक पापुद्रा सुटून नखाला चिकटला. त्यांनी तो उजेडात धरून बघितला, हुंगला.

"वास घाण आहे," त्या म्हणाल्या. "पण चीज चांगली आहे. आमच्या वेळी नव्हती."

"आईसाहेब," जयसिंगराव म्हणाले, "दरबारातून..."

"नेमावरच्या जत्रेतून. मामंजींनी सांगितलं नाही कधी, पण लग्नानंतर मी गेले होते ना तिथं नर्मदेच्या स्नानाला. दोरीला टांगलेल्या असायच्या या दरबारी ठुशा. ओळीनं. विकणारा ओरडत होता, घेऊन जा, घेऊन जा."

यशराजला हसू फुटलं. कृतिकानं त्याला कोपर मारलं.

"मग रेघ?" भवानीबाईंनी नाक ओढत विचारलं. "देवीची रेघ?"

"ती माझी." राजाबाईंनी ठुशी मांडीवर ठेवली. "मी नवी नवरी. टेकडीवरून उतरले, ठुशी काढली, तर मान हिरवीगार. ओटीवर पाहुणे बसलेले. सासूबाई घाबरल्या, की आता सगळ्यांना कळणार. मला मागच्या दारी नेलं, चिंच घेतली, राख घेतली आणि ताम्हण घासतात तशी माझी मान घासली. रंग निघेना. साल निघाली, पण रंग निघेना. मी ओरडूही शकत नव्हते, पाहुणे होते ना. त्या आणखी चिंच आणायला आत वळल्या, आणि मग मी ओरडलेच. म्हटलं, देवीनं खूण दिलीय, पुसू नका! ओटीपर्यंत ऐकू गेलं. पाहुणे उठून आले. आणि सासूबाई..." इथं त्यांना हसू आलं, मिश्रीनं काळ्या झालेल्या दातांसकट. "सासूबाई माझ्या पाया पडल्या."

त्यांनी पदर बाजूला केला. मानेच्या सुरकुत्यांमध्ये एक गुळगुळीत पांढुरका पट्टा होता. इंदूनं तो रोज बघितला होता. वयाचा आहे असं तिला वाटायचं.

"तुम्ही सुटलात, आईसाहेब," इंदू म्हणाली. तिचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा चढला. "माझी मान महिनाभर वाहत होती. तुम्हीच तूप लावायचात आणि तुम्हीच म्हणायचात, देवीची माया. तेव्हा सांगायचं होतं ना!"

"वाट बघत होते."

"कशाची?"

"तुमच्यापैकी कुणी विचारेल म्हणून. माझं काय, मी चुलीपुढची. तुम्ही शिकलेल्या. एक बँकेत, एक शाळेत, तीही विज्ञान शिकवणारी. मला वाटायचं, एक तरी म्हणेल, आईसाहेब, सोन्यानं मान हिरवी कशी होते? मी लगेच सांगितलं असतं." राजाबाईंनी एकदा इंदूकडे बघितलं, एकदा भवानीबाईंकडे. "तुम्ही काय विचारलंत? कुणाची जास्त गडद."

दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलं नाही. मग बघितलं. भवानीबाईंचं नाक लाल झालं होतं आणि कपाळाला पीठ लागलं होतं. इंदूला वाटलं, या बाईशी आपण जन्मभर एका पितळेच्या डागावरून स्पर्धा केली, आणि जिंकल्याचा आनंदही केला. लाज वाटली तिला.

भवानीबाई उठल्या. पिशवीतून त्यांनी ते जरीचं लाल वस्त्र काढलं आणि इंदूच्या हातात कोंबलं.

"घे. नवरात्रात टाकांखाली घाल. आता कुठं धारला परत नेऊ? राजवीरला म्हणावं, माप घेऊ नकोस."

म्हणजे तेही त्यांनी ऐकलं होतं. जयसिंगराव पुन्हा सोफ्याकडे सरकले.

"आणि माळ वाकडी असते तुझी," भवानीबाई म्हणाल्या. "ते मात्र खरं आहे."

"तुम्ही येऊन सरळ करा," इंदू म्हणाली. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. देवी घरातच राहणार होती.

"झालं?" राजाबाईंनी ठुशी उचलली. "आता ऐका. राजवीरची बायको येईल, तीही टेकडी चढेल. ठुशी घालूनच, अनवाणी. पण आधी सासूनं स्वतःच्या हातानं ठुशीला आतून ते लावायचं. दोन हात. काय म्हणालीस ग पोरी, एक वाळल्यावर दुसरा?"

"हो, आजीसाहेब."

"हा दंडक."

"आणि खाली आल्यावर?" भवानीबाईंनी विचारलं. "खाली आल्यावर बघायचं काय?"

"मान स्वच्छ आहे का ते. नसली, तर सासूनं काम नीट केलं नाही. मग सासूला परत टेकडीवर पाठवायचं."

"रोपवेनं?" जयसिंगरावांनी आशेनं विचारलं.

"पायऱ्यांनी. आणि ठुशी दरबारीच म्हणायची," राजाबाई म्हणाल्या. "मामंजींना उगीच वाईट वाटायला नको."

इंदू दिवा लावायला देवघरात गेली, तर कृतिका तिच्या आधी तिथं पोचली होती. हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी तिनं ती नेलपॉलिशची बाटली ठेवली होती आणि हे चालेल का, म्हणून ती सासूकडे बघत होती. इंदूनं बाटली उचलली, झाकण घट्ट केलं आणि होती तिथंच परत ठेवली.